सीटीआर तिप्पट झाला, पण तिची टोपली कुठे गेली?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मागाहून येणाऱ्यांसाठी आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नीट समजलोय का हेही तुम्हाला कळेल. तुम्ही आणि तुमची धाकटी बहीण, असा दोघांचाच स्टुडिओ. हर्णैच्या लिलावावर आणि मासळी बाजारावर बेतलेला मर्ज गेम केलाय, म्हणजे एकसारख्या वस्तू जोडून नवी वस्तू बनवत पुढे जायचा गेम. लिलावात म्हावरं घ्यायचं, बर्फात ठेवायचं, वाटे लावायचे, गिऱ्हाईक सांभाळायचं. नायिका कोळीण आहे आणि बहिणीने ती आजीच्या तरुणपणीच्या फोटोवरून काढलीय. एजन्सीने सहा जाहिराती बनवून दिल्या. सहावीत लुगडं वर सरकलंय, चोळी आखडलीय, डोक्यावरची टोपली गायब आहे. कॅमेरा पैंजणापासून निघतो, वर चढतो आणि गळ्याशी थांबतो. (पैंजण एजन्सीने घातलेलं दिसतंय. टोपली घेऊन वाळूत चालणारी बाई पैंजण कशाला घालेल?) वर ओळ आहे, 'गळाला लागली का?' प्रत्यक्ष गेम एक सेकंदही दिसत नाही. आणि हिचा सीटीआर, म्हणजे बघणाऱ्यांपैकी क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण, बाकीच्या पाच जाहिरातींच्या तिप्पट. बहीण म्हणते, ही चालू राहिली तर मी माझी चित्रं काढून घेते. एजन्सी म्हणते, भावना बाजूला ठेवा, डेटा बघा. तुम्ही विचारताय, कोणाचं ऐकू?

बहिणीचं ऐका. आणि ऐकताना 'तिला वाईट वाटतंय म्हणून' असं म्हणू नका, कारण या भांडणात डेटा तिच्या बाजूने असण्याची शक्यता जास्त आहे. एजन्सीने तुम्हाला त्यातला पहिला रकाना दाखवलाय, एवढंच.

मी पुण्यात मोबाइल गेमच्या जाहिराती बनवायचं आणि जागा विकत घ्यायचं काम चौदा वर्षं करतोय. आमच्या धंद्यात याला यूए म्हणतात, म्हणजे खेळाडू विकत आणणं. तुमच्या सहाव्या जाहिरातीसारख्या जाहिराती मी स्वतः मंजूर केल्यात. त्यामुळे पुढचं सगळं सोवळ्यातून बोलतोय असं समजू नका.

आधी हिशोब. सीटीआर म्हणजे जाहिरात शंभर जणांना दिसली तर किती जणांनी तिच्यावर बोट ठेवलं. तुम्हाला बोटं नकोत, तुम्हाला खेळाडू हवेत. या दोहोंच्या मध्ये तीन पायऱ्या असतात: स्टोअरच्या पानावर आलेल्यांपैकी किती जणांनी गेम उतरवला, उतरवलेल्यांपैकी सातव्या दिवशी किती जण शिल्लक आहेत, आणि शिल्लक असलेल्यांपैकी किती जण कधीतरी खिशात हात घालतात. समजा एक लाख वेळा जाहिरात दाखवायला दहा हजार रुपये लागले. (आकडे फक्त समजण्यापुरते घेतोय, तुमचे वेगळे असतील.) सहाव्या जाहिरातीचा सीटीआर साडेचार टक्के, म्हणजे ४,५०० क्लिक. पण स्टोअरच्या पानावर त्या माणसाला दिसतं काय? सुरमई, बर्फाचे खोके, वाट्यांचे भाव. जे बघायला आला ते नाहीच. शंभरात सहा जणांनी उतरवला तर २७० इन्स्टॉल. त्यातले सातव्या दिवशी तीन टक्के उरले, म्हणजे आठ माणसं. आता तुमची दुसऱ्या नंबरची साधी जाहिरात घ्या. सीटीआर दीड टक्का, १,५०० क्लिक. पण यांनी जाहिरातीत वाटे लावताना पाहिलेत आणि स्टोअरवरही तेच दिसतंय. चोवीस टक्क्यांनी उतरवला तर ३६० इन्स्टॉल, सातव्या दिवशी अकरा टक्के उरले तर चाळीस माणसं. पहिल्या हिशोबात टिकलेला एक खेळाडू साडेबाराशे रुपयांना पडला, दुसऱ्यात अडीचशेला. तिप्पट सीटीआरचा पेढा वाटून झाला की हा रकाना उघडायचा असतो. एजन्सीच्या पहिल्या स्लाइडवर तो नसतो.

असं होईलच का? नाही. ते गेमवर अवलंबून आहे, आणि ते आत्ताच कबूल करतो, म्हणजे नंतर कोणी उदाहरण आणून तोंडावर फेकणार नाही. गेमच्या आतही तेच विकायला असेल, म्हणजे डेटिंगचा गेम किंवा अर्ध्या कपड्यातल्या बायकांची कार्डं जमवायचा गेम, तर जाहिरात आणि माल जुळतात आणि आकडेही बरे येतात. तो धंदा तुम्हाला पटतो का हा वेगळा प्रश्न. दुसरं, गेम दोन दिवसांत फेकून द्यायच्या जातीचा असेल आणि कमाई फक्त दुसऱ्यांच्या जाहिराती दाखवून होत असेल, तर टिकण्याची फिकीर नसते, स्वस्तात गर्दी आली की झालं. तुमचा गेम या दोन्हींत बसत नाही. मर्ज गेमची कमाई महिनोन् महिने रोज थोडा थोडा वेळ खेळणाऱ्या माणसांवर होते, आणि या प्रकारच्या गेममध्ये टिकणाऱ्यांत बायका भरपूर असतात. तुमच्याच डॅशबोर्डवर बघा, पहिल्या महिन्यात मित्रमंडळींच्या पलीकडचे जे आले त्यात कोण टिकलंय. माझा अंदाज, दुपारी जेवणं आटोपल्यावर वीस मिनिटं खेळणाऱ्या बायका. सहावी जाहिरात त्यांच्यासमोर आली तर त्या काय करतील? काहीच करणार नाहीत. अंगठ्याने वर सरकवतील. आणि सरकवून टाकलेली जाहिरात सीटीआरमध्ये दिसते ती फक्त 'क्लिक नाही' म्हणून, 'किळस आली' म्हणून नाही.

आता माझी गोष्ट. २०१६च्या सुमाराला एका स्टुडिओत होतो, नाव घेत नाही. पत्त्यांचा गेम, पैसे न लावता खेळायचा. पानं वाटणारी एक बाई गेमच्या कोपऱ्यात होती, चांगली अंगभर साडीतली, तिच्याकडे कोणी बघायचंही नाही. जाहिरातीत आम्ही तिला मधोमध आणली आणि दर आठवड्याला थोडी थोडी बदलत गेलो. फाइलींची नावं अजून आठवतात: 'पानवाली_३', 'पानवाली_३_मोठं', 'पानवाली_३_अजून_मोठं_फायनल'. मग बॅनर करायची वेळ आली. फोनच्या तळाशी जी पट्टी दिसते ती ३२० बाय ५० पिक्सेल असते. पन्नास पिक्सेल म्हणजे उंचीला काहीच नाही. नुकताच कॉलेजातून आलेला आमचा डिझायनर पोरगा माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, पट्टीत अख्खी बाई बसत नाहीये. डोकं ठेवलं तर बाकीचं जातं. काय करू?" मी स्क्रीनवरून मान वर न करता म्हणालो, "डोकं काढ."

यात मला नंतर जे खुपलं ते असं. २०१३च्या जानेवारीत डीप सिल्व्हर या प्रकाशकाने 'डेड आयलंड: रिपटाइड' गेमच्या खास आवृत्तीसोबत एक पुतळा जाहीर केला होता: बिकिनीतल्या बाईचं रक्ताळलेलं धड, डोकं नाही, हात नाहीत. जगभरातून शिव्या पडल्या आणि कंपनीला माफी मागावी लागली. मी तेव्हा ती बातमी ऑफिसात सगळ्यांना दाखवून "काय लोक आहेत!" म्हणालो होतो. तीन वर्षांनी त्याच खुर्चीत बसून मी 'डोकं काढ' म्हणालो, आणि मला काही वेगळं केल्यासारखं वाटलंही नाही. माझ्या डोक्यात तो जागेचा प्रश्न होता. या धंद्यात बाईची वस्तू करायला कोणी वाईट हेतूने बसलेलं असायलाच पाहिजे असं नाही. पट्टी लहान असते, शुक्रवार संध्याकाळ असते आणि मागच्या आठवड्याच्या जाहिरातीचा आकडा भिंतीवर लावलेला असतो.

पुढे काय झालं? पहिले दहा दिवस सीटीआर आभाळाला. वडापाव मागवले. तिसऱ्या आठवड्यात स्टोअरवर एक-एक ताऱ्याचे अभिप्राय यायला लागले, आणि निम्म्यांत एकच तक्रार: "जाहिरातीतली मुलगी कुठाय?" एकाने तर सभ्यपणे विचारलं होतं की ती कितव्या लेव्हलला येते. रेटिंग घसरलं. रेटिंग घसरलं की जे लोक फुकटात, जाहिरातीशिवाय, शोधून येतात तेही कमी होतात. म्हणजे जाहिरातीने आणलेलं राहिलं नाही आणि आपोआप येणारंही आटलं. सगळा दोष त्या जाहिरातीचाच होता असं छातीठोक म्हणणार नाही, त्याच महिन्यात आमचा एक अपडेटही गंडला होता. पण अभिप्राय काही अपडेटबद्दल नव्हते.

खरा भुर्दंड मात्र वेगळाच होता, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग हाच आहे. जाहिरातींची नेटवर्कं, म्हणजे आपल्याला जाहिरातीची जागा विकणाऱ्या कंपन्या, आज माणसं कशी निवडतात? तुम्ही 'पंचवीस ते चाळीस, महाराष्ट्र' असं काहीही भरा, शेवटी यंत्र तुमच्या जाहिरातीला कोण प्रतिसाद देतंय ते बघतं आणि तसलीच आणखी माणसं शोधतं. चित्र हाच तुमचा पत्ता असतो. सहावी जाहिरात जितके दिवस चालते तितके दिवस तुम्ही यंत्राला शिकवताय की मासळी बाजाराचा हा गेम मांड्या बघून बोट लावणाऱ्यांसाठी आहे. मग तुम्ही शहाणे होऊन ती काढता आणि त्याच कॅम्पेनमध्ये साधी जाहिरात लावता. यंत्र ती साधी जाहिरात आधी त्याच माणसांना दाखवतं. ती अर्थातच पडते. एजन्सी म्हणते, "बघा, साधी चालत नाही." आम्ही या चक्रात चार महिने होतो. शेवटी जुनं कॅम्पेन पूर्ण सोडून शून्यापासून नवीन सुरू केलं, नव्या जाहिराती, नवा प्रेक्षक. ॲपलने २०२१च्या एप्रिलमध्ये ट्रॅकिंगसाठी परवानगी विचारणं सक्तीचं केल्यापासून तर चित्राचं हे वजन आणखी वाढलंय, कारण माणसाबद्दलची बाकी माहिती कमी झाली.

'दर आठवड्याला थोडी थोडी' हा जो प्रकार आहे, त्याचं नावाजलेलं उदाहरण जुनं आहे. २००९ साली एव्हनी नावाचा एक ब्राउझर गेम होता, किल्ले बांधायचे, सैन्य जमवायचं. सुरुवातीच्या जाहिराती साध्या. मग राजकन्येसारख्या वेशातली बाई आणि 'या, महाराज, खेळा' अशा अर्थाची ओळ. मग कपडे कमी. मग आणखी कमी. शेवटी नुसती अंतर्वस्त्रातली छाती आणि गेमचं नाव, ना किल्ला, ना सैन्य. गेममध्ये असली कोणी बाई नव्हतीच. लोकांनी त्या जाहिराती क्रमाने लावून थट्टा केली, आजही करतात. आतल्या बैठका मला माहीत नाहीत, पण ही उतरंड मी ओळखतो. या आठवड्याची विजेती जाहिरात पुढच्या आठवड्याची पहिली पायरी होते, आणि प्रत्येक पायरी इतकी लहान असते की कोणालाच आपण खाली चाललोय असं वाटत नाही. तुमची एजन्सी सहाव्या जाहिरातीवर थांबेल असं वाटतं का तुम्हाला? सातवीत आजीच्या लुगड्याचं काय होईल?

आणि हो, एव्हनी बुडाली नाही. पुढे त्यांच्या मोबाइल गेमची जाहिरात २०१७च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, झळकली, नावाजलेले सिनेनट घेऊन. तेव्हा 'असं करणाऱ्याचं वाटोळंच होतं' हे मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्यांच्याकडे ओतायला पैसा होता. तुमच्याकडे बहीण आहे.

थोडक्यात, इथपर्यंतचं: तिप्पट सीटीआर हा तिप्पट खेळाडूंचा पुरावा नाही, तुमच्या प्रकारच्या गेमला चुकीची गर्दी महागात पडते, आणि जाहिरात जितकी जास्त चालेल तितकं यंत्राला उलटं शिकवणं कठीण. सहावी आजच थांबवा असं मी म्हणतोय ते यासाठी.

एजन्सीवाला "सेक्स विकतो" म्हणेलच. म्हणू दे. यावर स्वतंत्र अभ्यास झालेत. २०१५ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ५३ प्रयोगांचा, साधारण साडेआठ हजार सहभागी माणसांचा, एकत्रित आढावा घेतला. लैंगिक जाहिराती असलेल्या ब्रँडबद्दल लोकांचं मत उलट वाईट झालेलं दिसलं. २०१७ साली इलिनॉय विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या नेतृत्वाखाली आणखी एका गटाने ७८ अभ्यास एकत्र तपासले. जाहिरात लक्षात राहते, पण ब्रँड लक्षात राहत नाही, आणि विकत घ्यायची इच्छा वाढत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुरुषांना अशा जाहिराती आवडतात, बायकांना आवडत नाहीत, हेही त्यात आहे. हे अभ्यास मोबाइल गेमपुरते नाहीत हे खरं. पण 'मुलगी कुठाय' विचारणारे आमचे अभिप्राय आणि हा निष्कर्ष एकमेकांशेजारी ठेवले की मला तरी आश्चर्य वाटत नाही. त्यांना बाई आठवत होती, पत्ते नाही.

आता बहिणीबद्दल. तुम्ही तिच्या म्हणण्याला कंसात 'ती जरा हळवी आहे' असं लिहिलंय. ते खोडा. टूम रेडर हा गेम १९९६ साली आला, इंग्लंडात डर्बीच्या कोअर डिझाइन कंपनीतून. त्याची नायिका लारा क्रॉफ्ट ज्याने घडवली तो टोबी गार्ड दुसऱ्याच वर्षी, गेम जगभर गाजत असताना, कंपनी सोडून गेला. मार्केटिंगने लाराला ज्या तऱ्हेने लोकांपुढे नाचवलं ते त्याला पटत नव्हतं, तिच्यावर आपला ताबा उरला नाही असं त्याला वाटत होतं. त्याच्या मागे त्या कंपनीला पैशांची ददात नव्हती, दुसरे चित्रकार मिळाले. तुमच्या स्टुडिओत चित्रकार एकच आहे आणि तिने ही नायिका आजीवरून काढलीय. जाहिरातीत कॅमेरा ज्या अंगावरून फिरतोय ते तिच्यासाठी आजीचं अंग आहे. दुसऱ्या कोणी तुमच्या घरातला फोटो असा कापला असता तर तुम्ही "डेटा बघू" म्हणाला असता का?

तुम्ही शेवटी विचारलंय, "मग नायिका सुंदर दाखवायचीच नाही का?" दाखवा की. माझा विरोध रूपाला नाही, शृंगारालाही नाही. लावणी बघा. तिथे शृंगार तर ओसंडून असतो, पण चांगल्या लावणीत बाई बोलते, टोमणा मारते, समोरच्या पाटलाची फिरकी घेते, आणि कुठे बघायचं हे ती ठरवते. तुमच्या सहाव्या जाहिरातीत ती कुठे बघते? सांगता येत नाही, कारण कॅमेरा गळ्याशी थांबलाय. मी टीममध्ये आता एक साधी सवय लावलीय. जाहिरातीतली बाई बोटाने झाका आणि उरलेल्या चित्रातून गेम कळतो का बघा. मग उलटं करा, गेमचं नाव झाका आणि बघा, ही बाई काय करतेय हे एका क्रियापदात सांगता येतं का. 'भाव ठरवतेय', 'मासा कापतेय', 'गिऱ्हाइकाला हाकलतेय', चालेल. उत्तर 'आहे' किंवा 'दिसतेय' एवढंच आलं तर जाहिरात परत पाठवायची. २०१२ साली फ्रान्समध्ये सोनीने प्लेस्टेशन व्हिटाची, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेम-यंत्राची, एक जाहिरात केली होती: चार स्तनांची, गळ्यापर्यंतच दाखवलेली बाई, कारण त्या यंत्राला पुढे टचस्क्रीन आणि मागे टचपॅड होता, दोन बाजूंनी स्पर्श, दुप्पट मजा. या सवयीत ती जाहिरात एक मिनिट टिकली नसती. टचपॅडने खेळता काय येतं हे तिच्यात कुठेच नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात, कारण मी वकील नाही. आपल्याकडे स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा १९८६चा कायदा आहे आणि जाहिराती त्यात येतात. जाहिरात उद्योगाची स्वनियमन संस्था आस्की मुंबईत आहे. तिने २०२२च्या जूनमध्ये लिंगभेदी साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात मालाशी संबंध नसताना माणसाला कामुक वस्तू म्हणून दाखवण्यावर थेट कलम आहे. त्यातलं उदाहरण मजेशीर आहे: खाण्याचे पदार्थ घरपोच देणाऱ्या सेवेच्या जाहिरातीत पदार्थांच्या मागे अंतर्वस्त्रात पहुडलेली बाई. तुमच्याकडे पदार्थाच्या जागी सुरमई आहे. त्याशिवाय गेममध्ये जे नाही ते जाहिरातीत दाखवणं ही फसवणूक आहेच. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० साली होमस्केप्स आणि गार्डनस्केप्स या मोबाइल गेमच्या जाहिरातींना याच कारणावरून दिशाभूल करणाऱ्या ठरवलं होतं, आणि तिथे बाईचा प्रश्नही नव्हता, दाखवलेलं कोडं गेममध्ये जवळपास सापडतच नव्हतं. आणि व्यवहाराची गोष्ट म्हणजे, नेटवर्कने धोरणभंगासाठी खातं गोठवलं तर खातं तुमच्या नावावर आहे, एजन्सीच्या नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. तुमच्या गेममध्ये तुम्ही दुसऱ्यांच्या जाहिराती दाखवणार असाल तर तिथेही हाच माल येणार. आजीवरून काढलेल्या गेममध्ये दोन लेव्हलच्या मध्ये दुसऱ्या कोणाची तरी 'पानवाली' उगवेल. ॲडमॉबमध्ये, म्हणजे ॲपमध्ये जाहिराती दाखवायच्या गूगलच्या सेवेत, ब्लॉकिंग कंट्रोल्स आहेत, त्यात लैंगिक संदर्भ आणि डेटिंगसारखे संवेदनशील प्रकार बंद करता येतात, आणि जाहिरातींची कमाल मर्यादा जी, पीजी, टी, एमए (सगळ्यांसाठी ते फक्त प्रौढांसाठी, या क्रमाने) यांतून निवडता येते. पीजीवर ठेवा. उत्पन्न थोडं घटेल, किती ते तुमच्या प्रेक्षकावर आहे. तरीही एखादी निसटतेच. आमच्याकडे आठवड्यातून एकदा एक जण साध्या फोनवर अर्धा तास आमचाच गेम खेळतो आणि आलेली प्रत्येक जाहिरात बघतो. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

एजन्सीशी भांडू नका. त्यांचा मोबदला बहुतेक तुमच्या खर्चाच्या टक्क्यात असेल, करार काढून बघा. तसा असेल तर सीटीआर मोठा दाखवून खर्च वाढवणं हा त्यांचा साधा धंदा आहे, त्यात राग कसला. त्यांना एक मेल टाका आणि सहाही जाहिरातींचे चार रकाने वेगवेगळे मागा: इन्स्टॉलमागे खर्च, पहिल्या दिवशी उरलेले, सातव्या दिवशी उरलेले, आणि चौदाव्या दिवसापर्यंतची खेळाडूमागे कमाई. जे दिवस चाललेत तेवढ्यांचे पुरे, यासाठी सहावी आणखी चालवायची गरज नाही. आकडे आले की इथे टाका, मी बघतो. माझा अंदाज चुकला आणि सहावीचे चारही रकाने खरोखर चांगले निघाले, तरी माझं उत्तर बदलणार नाही. पण तेव्हा ते हिशोबाचं उत्तर राहणार नाही, माझ्या मताचं असेल, आणि ते मी तसंच लिहीन.

तिच्या जागी काय लावायचं? तुमच्या गेममध्ये जो वाट्यांचा भाग आहे तो मला बघायला आवडेल. पहिले तीन सेकंद: कोळणीचा हात, समोर बांगड्यांचा वाटा, गिऱ्हाइकाचा आवाज, "दोनशेला देणार का?" तिची भुवई. बस्स, भुवई. मग ती वाट्यातला एक बांगडा उचलून परत टोपलीत टाकते आणि स्क्रीनवर 'आता?' असं येतं. खेळणाऱ्याने ठरवायचं. आवाज बहिणीचा घ्या, घरात कोणी हर्णैची मावशी-आत्या असेल तर तिचाच घ्या, ती लाजणार नाही. सीटीआर दीड-दोनच्या वर जाणार नाही बहुतेक. जे येतील त्यांना मासळीच हवी असेल.

आणि सहावी बंद करताना नुसती 'पॉज' करू नका, 'आर्काइव्ह' करा, आणि मूळ फाइलही एजन्सीकडून मागून घ्या. पॉज केलेली जाहिरात महिनाअखेरीला रात्री अडीच वाजता टार्गेट कमी पडतंय म्हणून कोणीतरी परत चालू करतं. आमच्याकडे ते मीच केलं होतं.